मधलं अक्षर

“हा शिक्का तुमचाच ना?” असं विचारून त्या बाईनं कागद टेबलावर ठेवला आणि तळहातानं दाबून धरला. पंखा बंद होता, कागद कुठे उडून जाणार नव्हता, तरी तिचा हात काही हलला नाही. शिक्का होता खरा. गोल, निळा, कडेनं अरबीत आणि आत आपल्या भाषेत टेबलामागे बसलेल्या भाषांतरकर्तीचं नाव, खाली तिच्या कचेरीचा पत्ता. दिवसातून पन्नास वेळा तो कागदावर बसायचा, ठप्प, ठप्प, आणि तो आवाज कानावर पडला की तिला आपण उभ्या आहोत, चालतोय, असं काहीतरी बरं वाटायचं. पण कोणी त्यावर असं बोट ठेवून तो परत आणून दाखवलेला तिनं आजवर पाहिला नव्हता. तिनं मान डोलावली. “मग हेही तुम्हीच वाचा,” बाई म्हणाली आणि पिशवीतून दुसरा कागद काढला. वहीचं फाडलेलं पान, घड्या घालून घालून बोटाएवढं झालेलं. “माझ्या भावाच्या बॅगेत सापडलं. अस्तराच्या आत. शिवण हातानं घातलेली दिसली म्हणून उसवली. कोणाला दाखवायचं कळेना. मग या शिक्क्यावर पत्ता दिसला.”

पहिला कागद तिला आठवला, म्हणजे तो कागद नाही, तसा कागद. समुद्रापलीकडे इमारती बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे कागद तिच्या कचेरीत गठ्ठ्यानं येत. करार, रजेचे अर्ज, वैद्यकीय तपासण्या, आणि त्यांच्यात मधूनच एखादा मृत्यूचा दाखला. या बाईचा भाऊ परांची बांधायचा. वय चौतीस. हृदयक्रिया बंद पडून नैसर्गिक मृत्यू. खाली ठप्प. तिनं वहीचं पान उलगडलं. शाई जांभळी, अक्षर घाईचं, पण शिकलेल्या माणसाचं. कडेला वाळलेल्या गिलाव्याचे डाग होते, म्हणजे लिहिणारा भावाच्या बांधकामावरचा कोणी अरबी बोलणारा गिलावेवाला असावा. मजकूर पाच ओळींचा. नमस्कार नव्हता, तारीख होती, आणि मग एकाच शब्दानं सुरुवात. तीन अक्षरं. मधल्या अक्षराला दोन टिंबं. ती वर असली तर त्या शब्दाचा अर्थ होतो, मारला गेला. खाली असली तर, असं म्हणतात. पानाची घडी नेमकी तिथूनच गेली होती, कागद झिजून पांढरा पडला होता, आणि टिंबांच्या जागी घाईनं ओढलेली बारीकशी रेघ होती. वर होती. घडीनं किती का झिजवली असेना, ती वर होती. तिला ते पहिल्या नजरेत कळलं, आणि समोरची बहीण आपल्या तोंडाकडे पाहतेय हेही कळलं, आणि तिनं चेहरा असा सरळ केला जसा आपण चादरीवरची सुरकुती हातानं सरळ करतो.

“काय लिहिलंय?”

“अक्षर फार खराब आहे,” ती म्हणाली. “नीट लावावं लागेल. दोन दिवस द्या.”

बहिणीनं विश्वासानं मान हलवली. दोन्ही कागद तिच्यापुढे सरकवले, पावतीसुद्धा मागितली नाही. जिना उतरणाऱ्या तिच्या चपलांचा आवाज खालच्या दारापर्यंत ऐकू आला आणि मग रस्त्यात मिसळून गेला. दोन दिवस द्या. हे शब्द आपल्या तोंडून कसे आले याचं तिला नवल वाटलं, आणि मग नवल वाटेनासं झालं. ती दहा वर्षांची असताना वडील समुद्रापलीकडच्या एका शहरात मोठ्या धुलाईखान्यात बॉयलरवर कामाला होते. आई चार भिंतींच्या आत, तिला त्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. हिला मात्र जिन्यावरच्या शेजारणीनं मांडीवर घेऊन सगळी भाषा पाजली होती, शिव्यांसकट. म्हणून वडिलांना वाफेनं भाजलं तेव्हा दवाखान्याच्या पांढऱ्या बोळात डॉक्टर आणि आई यांच्या मधोमध ती उभी राहिली. डॉक्टर वाकून तिच्याशी बोलले. त्यांच्या चष्म्यात फरशीवर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब दिसत होतं. ते म्हणाले, फार तर दोन दिवस. आईनं विचारलं, काय म्हणतात गं? आणि ती म्हणाली, दोन दिवसांनी सोडतील. खोटं बोलायचं असं काही मनात नव्हतं. आईचा चेहरा इतका जवळ होता की त्यावर दुसरं काही ठेवायला जागाच नव्हती. आईनं घरी जाऊन वडिलांचा सदरा धुतला, इस्त्री केली, खुर्चीच्या पाठीवर टांगला. नंतरच्या सबंध आयुष्यात आई त्या सदऱ्याबद्दल किंवा त्या वाक्याबद्दल एकदाही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त पुढे कोणाचंही बोलणं मुलीकडून समजून घेईनाशी झाली. टीव्हीवरच्या बातमीचा अर्थ लागला नाही तरी शेजारी जाऊन विचारायची.

आणि तरी, किंवा म्हणूनच, तिनं धंदा काढला तो भाषांतराचाच. आधी एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल, मग एक खोली, मग तीन. परवाना काढताना शपथ घ्यावी लागली, मूळ मजकुरात काही घालणार नाही, काही गाळणार नाही. हात वर करून ते वाक्य म्हणताना ती मधेच अडखळली आणि समोरच्या कारकुनानं ते पुन्हा म्हणायला लावलं. नवरा सुरुवातीला म्हणायचा, वाळवंटातल्या कागदांवर कोणाचं घर चाललंय का. मग म्हणायचा, तुझं आता माझ्यावाचूनही चालेल. आणि तसं चालू लागल्यावर निघून गेला. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही, वेळच नव्हता. लग्नाचे दाखले, गुणपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या, तुरुंगातून आलेली पत्रं. एक निवृत्त अरबीचे मास्तर तपासायला ठेवले, टंकनाला एक मुलगी, जिला सगळे चष्मेवाली म्हणत. आणि गेल्या वर्षी ही कंपनी आली. तिथून जे गृहस्थ बोलत ते इतक्या हळू आणि आर्जवी आवाजात बोलत की चष्मेवालीनं त्यांचं नाव मऊसाहेब ठेवलं होतं. येत्या शुक्रवारी मऊसाहेब पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही करायला येणार होते. वरचा सगळा मजला घ्यायचं ठरलं होतं. भिंतींचा रंगसुद्धा तिनं निवडून ठेवला होता.

बहीण गेल्यावर तिनं चष्मेवालीला कपाटातून मृत्यूच्या दाखल्यांची फाईल काढायला सांगितली. “कुठल्या कंपनीची, बाई?” “तीच.” चष्मेवालीनं फाईल आणली आणि सहज म्हणाली, “यांचं काम सोपं असतं. तुम्ही साचा करून दिलाय ना, नाव आणि तारीख भरली की झालं.” साचा. हो, तिनंच केला होता. तिसरा दाखला आला तेव्हा वाक्यं तीच आहेत असं पाहून वेळ वाचवायला म्हणून केला होता, आणि त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी जाताना नवी पर्सही घेतली होती. आता ती एकेक मूळ कागद पालथा घालत गेली. चौदा महिने. अकरा माणसं. परांचीवाला, वेल्डर, दोन गवंडी, एक स्वयंपाकी. चौतीस, सव्वीस, एकेचाळीस, एकोणतीस. दवाखाने चार, डॉक्टरांची नावं सहा, सह्या निरनिराळ्या. आणि मग ती थांबली. ‘नैसर्गिक’साठीच्या अरबी शब्दातलं एक टिंब सुटलं होतं. तिनं मागचा कागद काढला. तिथेही सुटलं होतं. त्याच्या मागचा. अकराही कागदांत, सहा डॉक्टरांच्या हातून, चार दवाखान्यांत, त्याच अक्षराचं तेच टिंब. म्हणजे साचा फक्त तिच्याकडे नव्हता. तिकडेही कोणीतरी वेळ वाचवायला एक करून ठेवला होता, आणि दोन्ही साचे गेले चौदा महिने एकमेकांत घट्ट बसत होते, डबा आणि झाकणासारखे, आणि आत माणसं. मुलं बाहेर खेळत होती, त्यांचा चेंडू भिंतीवर आपटत होता, आणि प्रत्येक आपटण्याबरोबर तिची मान किंचित आत जात होती.

फोन दुपारी आला. मऊसाहेबांनी आधी तब्येतीची चौकशी केली, मग वरच्या मजल्याच्या रंगाची. “पांढरा नको हं बाई, पांढरा लगेच मळतो.” ती हसली, आपण हसलो हे तिला नंतर ऐकू आलं. मग तितक्याच मऊपणानं ते म्हणाले, “आमच्या एका माणसाची बहीण आज तुमच्याकडे येऊन गेली म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“अहो, कळतं. आपली माणसं आहेत सगळी. बिचारी फार दुःखात आहे. काहीतरी चिठ्ठीबिठ्ठी घेऊन फिरतेय असं ऐकलं. या कामगारांचं अक्षर म्हणजे काय सांगावं, वाचावं तसं वाचता येतं. तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं वाचलेलं बरं, नाही का? उगाच कोणी अर्धवट वाचून तिच्या डोक्यात भलतंसलतं भरवायचं.” जरा थांबून म्हणाले, “शुक्रवारी येतोच मी. तोवर तेही काम हातावेगळं करा.”

रिसीव्हर ठेवल्यावर तिच्या कानाला ओलसर गरम लागत राहिलं, जणू कोणी फार जवळ तोंड आणून बोललं होतं. बहीण येऊन तीन तास झाले होते. त्या तीन तासांत कचेरीत तिघंच होती. चष्मेवाली गाणं गुणगुणत टंकत होती. मास्तर आपल्या खिडकीजवळच्या खुर्चीत भिंग घेऊन कुठल्याशा गुणपत्रिकेवर वाकले होते, आणि इतके वाकले होते की तिला विचारावंच लागलं नाही. तरी ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. “मीच सांगितलं,” ते म्हणाले. “सकाळी तू पान टेबलावर ठेवून हात धुवायला गेलीस तेव्हा पाहिलं मी. कंपनीचे साहेब गेल्या महिन्यातच म्हणून गेले होते मला, मास्तर, काही वेगळं दिसलं तर कानावर घाला. मला वाटलं, त्यात काय.” मग भिंग पुसत म्हणाले, “या वयात मला दुसरं टेबल कोण देणार?”

“मास्तर, टिंबं वर आहेत की खाली?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तीस वर्षं त्यांनी पोरांना टिंबांवरून छड्या मारल्या होत्या. “घडीवर आहेत,” ते म्हणाले. “घडीवरची टिंबं कोणीच शपथेवर सांगू शकत नाही. खाली धरलीस तरी तुला कोणी खोटी म्हणणार नाही. मूळ कागद पुढे केलास तरी नाही. इतकी सोय क्वचित मिळते.”

आणि खरोखरच सोय होती. तो शब्द पहिला होता. ‘असं म्हणतात’ एवढं एकदा वर आलं की खालच्या चारही ओळी त्याच्या ओंजळीत जात होत्या. दुपारी चक्कर आली असं म्हणतात, कोंडलं असं म्हणतात. पाहिलेलं सगळं ऐकीव होत होतं. एकही शब्द घालायचा नव्हता, गाळायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं तसं भाषांतर स्वतः टंकलं. वाक्यं छान जमली. तिनं ते दोनदा वाचलं, शिक्का उचलला आणि मारला, आणि आवाज नेहमीसारखाच आला, ठप्प, त्यात काहीही फरक नव्हता, याचीच तिला भीती वाटली. पाकीट बंद करून खणात ठेवलं. त्या संध्याकाळी घरी जाताना आपल्या मागून कोणीतरी चालतंय असं तिला दोन वेळा वाटलं. वळून पाहिलं तर एकदा भाजीची पिशवी घेतलेली म्हातारी होती आणि एकदा कोणीच नव्हतं. इमारतीच्या दाराशी एक राखाडी गाडी उभी होती, काचा वर, इंजिन चालू. कोणाची का असेना. जिना चढताना तिनं कठड्यावरचा हात काढून घेतला, कठडा गरम वाटला म्हणून. घरात सगळं जिथल्या तिथे होतं, जरा जास्तच जिथल्या तिथे. तिनं बाथरूमचं दार लावून घेतलं आणि तोंडावर पाणी मारता मारता थबकली. बाहेर जाऊन परत आली. दार उघडं टाकून तोंड धुतलं.

बहीण ठरल्या वेळी आली. या खेपेला तिनं केस नीट विंचरले होते, जणू एखाद्या निकालाला आलोय. तिनं पाकीट पुढे केलं. बहिणीला वाचता येत होतं, तरी बहीण म्हणाली, “तुम्हीच वाचा, माझ्या डोळ्यांना धीर नाही.” मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले. तिनं कागद काढला आणि वाचला. असं म्हणतात की दुपारी उन्हानं त्याला चक्कर आली. नाटक करतोस म्हणून मुकादमानं त्याला पत्र्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. दार तीन वेळा वाजलं. मग वाजलं नाही. कडी संध्याकाळी काढली.

बहीण पुढे झुकून ऐकत होती. वाचून संपल्यावरही ती तशीच झुकलेली राहिली. मग तिनं विचारलं, “कोण म्हणतात?”

“काय?”

“असं म्हणतात, म्हणालात ना. कोण म्हणतात? दार तीन वेळा वाजलं हे कोणी मोजलं?”

हा प्रश्न तिला सुचला नव्हता. मास्तरांना सुचला नव्हता, मऊसाहेबांना सुचला नसावा. ऐकीव गोष्टीत दार पुष्कळ वाजतं, जोरजोरात वाजतं. तीन वेळा नाही वाजत. तीन वेळा ज्यानं ऐकलं तो त्या दाराच्या बाहेर उभा होता, हातात गिलाव्याची थापी घेऊन, आणि चौथ्यांदा वाजायची वाट पाहत होता. तिला तो माणूस दिसला. त्यानं कडी काढली नव्हती. त्याची हिंमत झाली नव्हती. म्हणून त्यानं एक शब्द लिहिला होता, त्यालाही पुसता न येणारा, आणि पान अस्तरात शिवून टाकलं होतं, पुढे कधी कोणीतरी वाचील म्हणून. बहीण तिच्याकडे पाहत होती. इतक्या जवळून. तिनं समोरचा टंकलेला कागद उभा फाडला, मग आडवा. “मी चुकीचं वाचलं,” ती म्हणाली. “चुकून नाही. पहिला शब्द वेगळा आहे. तो आहे, मारला गेला.”

खिडकीजवळ खुर्ची करकरली. बहिणीनं तोंडाला पदर वगैरे लावला नाही, रडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, “आणि बाकीचं?”

“बाकीचं तेच आहे.”

“तीन वेळा?”

“तीन वेळा.”

बहिणीनं वहीचं पान उचलून पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, “कामगार कचेरीत मोठे अधिकारी असतात ना, त्यांच्याकडे न्यायचंय. नुसता कागद दिला तर ते ठेवून घेतील आणि मला घालवतील. तुम्ही येऊन तोंडानं सांगाल?” ती हो म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मागे घ्यायला सवड राहिली नाही. नवं भाषांतर टंकायला तिला दहा मिनिटं लागली. मग ती कपाटाशी गेली, कंपनीची फाईल काढली आणि अकराही दाखल्यांच्या प्रती पिशवीत घातल्या. ते कागद दुसऱ्याचे होते. बाहेर नेले तर परवाना राहणार नाही, वरचा मजला तर सोडाच, हा मजलाही राहणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. चष्मेवाली टंकायची थांबली. “बाई, शुक्रवार उद्या आहे,” ती हळूच म्हणाली. ती दारातून बाहेर पडत असताना मास्तरांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला आणि फोनवर नुसताच पडून राहिला, आणि त्यांनी तो उचलला की नाही हे पाहायला ती थांबली नाही.

अधिकाऱ्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. माणूस सभ्य होता, दोघींना बसा म्हणाला, स्वतः उठून खिडकी उघडली. त्यांनी दाखला वाचला, मग चिठ्ठीचं भाषांतर वाचलं, मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. शिक्क्याला शिक्का लागला.

“हे भाषांतर कोणी केलं?”

“मी.”

“आणि हे?”

“तेही मीच.”

“मग बाई, यातलं आम्ही काय धरायचं?”

त्यांच्या स्वरात चेष्टा नव्हती, त्यामुळे उत्तर देणं जास्त कठीण झालं. तिनं पिशवीतून गठ्ठा काढला आणि त्यांच्यापुढे एकेक कागद मांडत गेली, वेल्डर, गवंडी, गवंडी, स्वयंपाकी, आणि प्रत्येकात ते सुटलेलं टिंब पेन्सिलीनं दाखवत गेली. सहा डॉक्टर एकच चूक अकरा वेळा करत नाहीत, असं म्हणाली. हे सगळे शिक्के माझे आहेत, असंही म्हणाली, कारण ते कोणीतरी म्हणणं भाग होतं. टेबल भरून गेलं. अधिकाऱ्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग सगळे कागद त्यांनी गोळा केले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि खणात ठेवले. “तुम्ही जरा बाहेर बसता?” ते म्हणाले.

बाहेर बोळात लाकडी बाक होतं. ती दाराच्या बाजूला बसली, बहीण तिच्या पलीकडे. समोरच्या भिंतीवर जुन्या नोटिसांचे चिकटवलेले कोपरे तेवढे राहिले होते. जिन्यावरून माणसं खाली जात होती, जेवणाची सुट्टी झाली असावी. पावलं कमी होत गेली आणि मग थांबली. सगळा मजला रिकामा झाल्यासारखा वाटला. दार जाड होतं, तरी आत फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला, आणि मग अधिकाऱ्यांचा आवाज, खाली गेलेला. त्यांनी पलीकडच्या माणसाच्या तब्येतीची चौकशी केली. मग बोलणं आणखी हळू झालं. ती दाराकडे सरकली.

“काय म्हणतात?” बहिणीनं विचारलं. तिला इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. तिचा चेहरा अगदी जवळ होता.

ती तिच्याकडे वळली. “म्हणाले, दोघी बाहेरच बसल्यात. कागद माझ्या खणात आहेत. तुम्ही या.”

बहिणीनं ते ऐकून घेतलं. जिन्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग पिशवी मांडीवरून काढून दोघींच्या मधे ठेवली आणि बाकावर जरा मागे सरकून टेकून बसली.

“येऊ देत मग,” ती म्हणाली. “खणातले कागद घेतल्याशिवाय आपण काही उठत नाही.”

खाली, कुठेतरी, गाडीचं दार लागलं.